डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा म्हणाला, ‘परत जायचं नाही’, तर : एनडीए कॅडेट्सच्या पालकांना खुलं पत्र

इंदूर, नोव्हेंबर 2025

प्रति,
इंदूर आणि महू परिसरातील एनडीए कॅडेट्सचे आईवडील

स. न. वि. वि.

जुलैत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) गेलेली मुलं-मुली डिसेंबरात पहिल्या मोठ्या सुट्टीवर घरी येतील. गाल बसलेले, केस बारीक, ताटावर बसतानाही पाठ ताठ. पहिले चार दिवस नुसती झोपतील. मग एखाद्या संध्याकाळी त्यातला एखादा हळूच म्हणेल, ‘बाबा, मला परत जायचं नाही.’ त्यावर घरात बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात. एक तर वडील आवाज चढवतात, नाहीतर आई म्हणते, ‘नको जाऊस, बघू आपण.’ प्रवेशाच्या वेळी सही करून कपाटात ठेवलेला बाँड मात्र कोणीच काढून वाचत नाही.

आम्ही हे पत्र लिहिणारे महूच्या लष्करी संस्थांत शिकवून निवृत्त झालेले अधिकारी आहोत. आमच्यात बारावीला गणित शिकवणारे दोघे आहेत आणि एक मानसोपचारतज्ज्ञही आहेत. सोडावं की राहावं, हे आम्ही सांगणार नाही. पण सोडण्याची वेळ, कारण आणि पद्धत चुकली, तर त्याची किंमत मुलगा पुढची बरीच वर्षं मोजतो. ते टाळता येतं, आणि कसं टाळायचं एवढंच इथे लिहितो आहोत.

आधी ‘नको’ म्हणजे नेमकं काय नको, ते विचारा. ह्या ‘नको’चे पाच प्रकार असतात. त्याची झोप पूर्ण झाल्यावर, सुट्टीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी, एकट्यानं विचारा. काका-मामांच्या पंचायतीत नको.

तीन वर्षांच्या प्रशिक्षणात सहा-सहा महिन्यांच्या सहा टर्म असतात. पहिल्या टर्मचा कॅडेट सगळ्यांत कनिष्ठ असतो. ड्रिल स्क्वेअर टेस्ट पास होईपर्यंत त्याला बाहेर जायची लिबर्टी नसते. पहाटेपासून पीटी, ड्रिल, मग वर्ग, मग खेळ, आणि रात्री सीनियर्सची हाक. सगळ्यांत जास्त कमी पडते ती झोप. वर्गात डोळा लागतो, म्हणून अभ्यास मागे पडतो, म्हणून पुन्हा शिक्षा. ह्या चक्रात अडकलेला मुलगा ‘मला सैन्यच नको’ म्हणतो, तेव्हा त्याला बऱ्याचदा सैन्य नको नसतं, रगडा नको असतो. (रगडा म्हणजे सीनियर्सनी दिलेली नियमबाह्य शारीरिक शिक्षा. अधिकृतपणे त्यावर बंदी आहे, पण म्हणून ती अजिबात होत नाही असं आम्ही सांगणार नाही.) जानेवारीत नवा कोर्स येतो आणि तुमचा मुलगा दुसऱ्या टर्मचा होतो. सगळ्यांत खालची पायरी त्याची राहत नाही. त्रास संपत नाही, पण त्याचं वजन बदलतं. म्हणून त्याला असं विचारून बघा : ‘उद्यापासून रगडा बंद झाला, आठ तास झोप मिळाली, तरी पंचविसाव्या वर्षी तीस-पस्तीस जवानांची जबाबदारी घेऊन बर्फात राहायला आवडेल का? दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायला?’ डोळ्यांत थोडी जरी चमक आली, तर प्रश्न थकव्याचा आहे; हा पहिला प्रकार. ‘मला ते कधीच नको होतं’ असं उत्तर आलं, तर दुसरी टर्म करूनही ते बदलायची शक्यता कमी; हा दुसरा प्रकार.

ह्या दुसऱ्या उत्तराबद्दल इंदूरकरांना थोडं खरं बोलायला हवं. आपल्याला सैन्य दिसतं ते महूचं : मॉल रोड, नीटनेटके बंगले, कॅन्टीन, रविवारी गाडीतून उतरणारे कर्नल साहेब. ती छावणी आहे, तिथे अधिकारी शिकायला किंवा शिकवायला येतात. त्या आधीची आणि नंतरची पोस्टिंग आपल्याला दिसत नाहीत. महू बघून ठरवलेलं स्वप्न बऱ्याचदा मुलापेक्षा वडिलांचंच असतं.

तिसरा प्रकार अभ्यासाचा. एनडीएची पदवी जेएनयूची असते, आणि तिथे नापास झाल्यावर मुलगा रेलिगेट होऊ शकतो, म्हणजे सहा महिने मागे जाऊन पुढच्या कोर्सबरोबर ती टर्म पुन्हा करतो. रेलिगेशन पीटी, ड्रिल किंवा आजारपणामुळेही होतं. घरी फोनवर हा शब्द आला की लोक ‘काढून टाकलं’ असं समजतात. ते खरं नाही. सहा महिने जातात, मित्र पुढे जातात, मन खट्टू होतं, पण कमिशनचा, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीचा, रस्ता उघडा असतो. फक्त रेलिगेशनच्या रागात दिलेला राजीनामा हा आमच्या मते सगळ्यांत वाईट राजीनामा.

चौथा प्रकार शरीराचा. इथे जरा जास्त थांबतो, कारण खरं नुकसान इथेच होतं.

घरी असताना दिवसाला दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या मुलानं अचानक बुटांत रोज धावायला, उड्या मारायला आणि पाय आपटत ड्रिल करायला सुरुवात केली, की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. स्नायू लवकर तयार होतात, हाडाला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून हे होतं. ओळखायचं कसं? दुखणं बोटाच्या टोकानं दाखवता येईल इतक्या एका जागी असतं आणि धावलं की वाढतं. सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. इलाज म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे धावणं बंद. मुलींमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं. मुलगी पहिल्या टर्मला असेल, तर सुट्टीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. (2022 साली एनडीएत आलेल्या मुलींच्या पहिल्या तुकडीतल्या 17 जणी मे 2025 मध्ये पास आउट झाल्या. ‘मुलींना झेपत नाही’ हे आता कोणी सांगू नये.)

आता चूक कुठे होते ते बघा. रगड्यात पाय मुरगळला, तरी मुलगा एमआय रूममध्ये (अकादमीतल्या दवाखान्यात) सांगतो, ‘सायकलवरून पडलो’ किंवा ‘बाथरूममध्ये घसरलो’. सीनियरचं नाव घ्यायचं नाही म्हणून. कागदावर तेच राहतं. पुढे तीच दुखापत चिघळली आणि मेडिकल बोर्ड (लष्करी डॉक्टरांची समिती) बसलं, तर ती प्रशिक्षणामुळे झाली का, हा प्रश्न ह्याच कागदावर ठरतो. दुसरी चूक त्याहून मोठी. आठवड्यामागून आठवडे एक्सक्यूज चिटवर (पीटी-ड्रिलमधून सूट देणाऱ्या चिठ्ठीवर) बसून कंटाळलेला मुलगा म्हणतो, ‘जाऊ द्या, राजीनामाच देतो’, आणि ‘वैयक्तिक कारण’ लिहून सही करतो. प्रशिक्षणात झालेल्या अपंगत्वामुळे मेडिकल बोर्डानं बाहेर पाठवलेल्या कॅडेटसाठी दरमहा सानुग्रह रक्कम आहे, आणि ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) उपचारही 2025 मध्ये त्यांना लागू झाले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा कॅडेट्सच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, म्हणजे हे नियम अजून सुधारत आहेत. ज्यानं स्वतःच्या इच्छेनं सोडलं, त्याला ह्यातलं काही मागता येणं फार कठीण. म्हणून दुखापत असेल, तर बोर्ड होईपर्यंत राजीनाम्याचा ‘र’सुद्धा काढू नका, आणि सुट्टीत इंदुरात केलेल्या तपासण्यांचे सगळे रिपोर्ट परत जाताना बरोबर द्या.

पाचवा प्रकार मनाचा. घरची आठवण येणं वेगळं आणि नैराश्य वेगळं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, जेवण सुटलंय, पहाटे तीनला जाग येते, बोलताना ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ किंवा ‘नसतोच तर बरं’ असं येतं. अशा वेळी बाँड, करिअर, लोक सगळं बाजूला ठेवा. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, हिंदी-मराठीत बोलता येतं. मुलगा अकादमीतच असेल, तर थेट त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरला (त्याच्या गटाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) फोन करा आणि ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगा. ‘तक्रार केली तर त्याचंच नुकसान होईल’ हे डोक्यातून काढून टाका.

बाँड आता बाहेर काढा. प्रवेशाच्या वेळी तुम्ही आणि जामीनदारांनी सही केलेला तोच कागद. ती सही बहुतेकांनी न वाचता केलेली असते, आणि जामीनदार म्हणून मामांची सही असेल तर त्यांना तर आठवतही नसतं. त्यात थोडक्यात असं आहे : शिस्तीच्या कारणानं काढलं, किंवा कॅडेटच्या आवाक्याबाहेर नसलेल्या कोणत्याही कारणानं प्रशिक्षण पूर्ण झालं नाही, किंवा शेवटी देऊ केलेलं कमिशन घेतलं नाही, तर सरकार ठरवेल ती रक्कम कॅडेट आणि जामीनदार दोघांकडून, एकत्र किंवा वेगवेगळी, वसूल करता येते. ती झालेल्या खर्चाहून जास्त नसते, पण त्यावर सरकारी कर्जाच्या दरानं व्याज लागतं.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, प्रत्येक टर्मबरोबर रक्कम वाढते. चेन्नईच्या ओटीएच्या (अधिकारी प्रशिक्षण अकादमीच्या) जाहिरातीत वसुलीचा आठवड्याचा दरच लिहिलेला असतो, म्हणजे हिशेब आठवड्यांत मोजायचा. आकडा कोचिंगवाल्याकडून ऐकू नका, अकादमीकडून लेखी मागा. दुसरी गोष्ट बऱ्याच हुशार घरांना कळत नाही. ‘तीन वर्षं काढ, जेएनयूची डिग्री हातात घे, मग सोड’ हा सल्ला राजेंद्रनगरपासून सुदामानगरपर्यंत सगळीकडे दिला जातो. कमिशन न घेणं हेसुद्धा बाँडच्या अटीत बसतं. तेव्हा वसुलीला पात्र झालेली रक्कम सगळ्यांत मोठी असेल. आणि कमिशन घेतलं, तर नंतरचा राजीनामा सरकारच्या मंजुरीशिवाय मिळत नाही. हे दार पुढे जाल तसं अरुंद होत जातं.

सोडायची पद्धत अशी. कॅडेट स्वतः लेखी अर्ज देतो. तो डिव्हिजनल ऑफिसर, स्क्वॉड्रन कमांडर, बटालियन कमांडर अशा पायऱ्यांनी कमांडंटपर्यंत जातो. मध्ये मुलाखती होतात, समुपदेशन होतं, पालकांचं म्हणणं मागवलं जातं. अर्ज मंजूर होईपर्यंत तो कॅडेटच असतो, म्हणजे पीटी, वर्ग आणि शिस्त सगळं चालूच. ह्या मधल्या आठवड्यांत बरीच मुलं हातपाय गाळतात, फॉल-इनला (हजेरीच्या रांगेला) उशिरा जातात, उलट बोलतात. मग नीट चाललेलं प्रकरण शिस्तभंगाच्या फाइलमध्ये जातं.

सगळ्यांत वाईट पद्धत म्हणजे सुट्टीवरून परत न जाणं. ‘तिकीटच काढू नका, बघू काय होतं’ हे म्हणणाऱ्या घरांना कळत नाही की गैरहजेरी ही शिस्तीची बाब आहे. शिस्तीच्या कारणानं काढलेल्या कॅडेटला पुढे यूपीएससीच्या सीडीएस परीक्षेतून (पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्याची परीक्षा) परत यायची वाट राहत नाही. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘अधिकाऱ्याला साजेसे गुण नाहीत’ हा शेरा असेल, तरी आर्मीचं दार बंद. राजीनाम्याबद्दल काय शब्द आहेत, ते ज्या परीक्षेला बसायचं तिच्या त्या वर्षीच्या जाहिरातीत ओळ न ओळ वाचा. मुलगा आज अठरा वर्षांचा आहे. पदवीनंतर एकविसाव्या वर्षी त्याला पुन्हा सैन्य हवंसं वाटू शकतं, आणि तेव्हा आयएमएसाठी (डेहराडूनच्या लष्करी अकादमीसाठी) चोवीस, ओटीएसाठी पंचवीसपर्यंत वय चालतं. म्हणून पुण्याची रात्रीची बस पकडून वेळेवर परत पाठवा, मग तिथून अर्ज द्यायला सांगा.

आता कॅलेंडर. ह्यावर कोणीच बोलत नाही, आणि इथेच एक वर्ष फुकट जातं.

डिसेंबरात ठरवून जानेवारीत अर्ज दिला, तर सीयूईटी (विद्यापीठांच्या पदवी प्रवेशाची सामाईक परीक्षा) गाठता येते. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला निघतात, परीक्षा साधारण मेमध्ये होते, आणि देवी अहिल्या विद्यापीठाच्या अध्यापन विभागांतले बरेच अभ्यासक्रम सीयूईटीवर आहेत. दुसरी टर्म पूर्ण करून जूनमध्ये सोडलं, तर सीयूईटी निघून गेलेली असते. मग उरतं ते मध्य प्रदेश उच्च शिक्षण विभागाचं ई-प्रवेश, बारावीच्या गुणांवर. होळकर सायन्ससारखी कॉलेजं त्यातून मिळतात. वाईट नाही, पण पर्याय कमी होतात.

इंजिनिअरिंगचा विचार असेल तर बोटांवर मोजा. जेईई मेन बारावीच्या वर्षासह सलग तीन वर्षं देता येते. अ‍ॅडव्हान्स्ड मात्र सलग दोनच वर्षं. बारावी 2025 मध्ये झाली असेल, तर अ‍ॅडव्हान्स्डची शेवटची संधी 2026 ची. मेनच्या जानेवारी सत्राचे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात, एप्रिल सत्राचे नंतर. म्हणजे आयआयटीचं स्वप्न अजून असेल, तर जूनपर्यंत थांबणं म्हणजे ते सोडणंच. बारावी 2024 ची असेल, तर अ‍ॅडव्हान्स्ड संपलेलीच आहे. इंदूरचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज मात्र मेनच्या गुणांवर राज्याच्या काउन्सेलिंगमधून मिळतं, त्यासाठी 2026 हे शेवटचं वर्ष. आयआयएम इंदूरच्या आयपीएम ह्या बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला वय आणि बारावीचं वर्ष, दोन्हीची मर्यादा आहे. त्यांच्या ताज्या अटी बघूनच फॉर्म भरा.

इथे एक पेच आहे, तो आम्ही लपवत नाही. थकलेल्या मुलाला आम्ही वर सांगितलं की दुसरी टर्म करून बघ, आणि खाली सांगतो की जूनमध्ये सोडलंस तर वर्ष जाईल. दोन्ही खरं आहे. आमचं मत असं : ज्याला हा पेशाच नको आहे, त्यानं डिसेंबरातच ठरवावं. ज्याला फक्त रगडा, झोप किंवा रेलिगेशन नको आहे, त्यानं परत जावं, आणि जूनमध्ये नको वाटलं तर एक वर्ष जाईल हे आत्ताच मान्य करावं. चौथ्या टर्मनंतरचा ‘नको’ आम्हाला सगळ्यांत अवघड वाटतो. तेव्हा हिशेब पैशांचा, वर्षांचा आणि उरलेल्या दोन टर्मचा असा तिहेरी होतो, आणि त्याला एका पत्रात उत्तर नाही.

सोडायचं नक्की झालं, तर निघताना हातात काय हवं : डिस्चार्जच्या आदेशाची प्रत, आणि त्यात कारणाचे नेमके शब्द. त्या शब्दांवरच पुढचं सगळं अडतं, म्हणून ते तिथेच वाचा, घरी येऊन नको. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि सीबीएसईचं मूळ मायग्रेशन सर्टिफिकेट. तिथे जमा केलं असेल तर परत घ्या, कारण त्याशिवाय इथे प्रवेश अडकतो. झालेल्या टर्मची गुणपत्रिका. त्यातले क्रेडिट नव्या विद्यापीठानं मान्य केले तरच उपयोगी, पण विचारायला कागद तर हवा. मेडिकलची सगळी कागदपत्रं. किट आणि मेसचं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला). वसुलीची रक्कम लेखी. इंदुरात आल्यावर गॅपचं शपथपत्र नोटरीकडून करून घ्या आणि मूळ निवासी (डोमिसाइल) दाखला जुना झाला असेल तर नवा काढा, काउन्सेलिंगला दोन्ही मागतात.

आणि शेजारपाजार? सिलेक्शन झालं त्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागतात, कोचिंगवाले हारतुरे घालून फोटो काढतात, गणेशोत्सवात सत्कार होतो. मुलानं अजून एकही ड्रिल केलेलं नसतं, आणि त्या फ्लेक्समुळे पुढे ‘नको’ म्हणायची लाज दुप्पट होते. मंडळांना आमची विनंती आहे, सत्कार पासिंग आउट परेडनंतर करा. एनडीएच्या खेत्रपाल परेड ग्राउंडवरून अंतिम पग (पास होताना ओलांडायचं शेवटचं पाऊल) ओलांडून आलेल्या मुलाला हार घालायला आम्ही स्वतः येऊ. कोचिंगवाल्यांनाही एक सांगायचं आहे : सिलेक्शनच्या बॅचबरोबर बाँडच्या अटी एका तासात समजावून सांगायला काही खर्च येत नाही.

सुट्टी संपायच्या आधीचा रविवार राखून ठेवा. पोहे-जिलबी झाली की टेबलावर तीन गोष्टी मांडा : बाँडची प्रत, यूपीएससीची ताजी जाहिरात आणि कोरा कागद. कोऱ्या कागदावर वरच्या पाच प्रकारांतला कोणता, हे मुलालाच लिहू द्या. त्याचं लिहून होईपर्यंत कोणी काही बोलू नये. आजोबांनीसुद्धा.

आपले,
महूतील प्रशिक्षण संस्थांतून निवृत्त झालेले आणि त्यांचे इंदूरमधील सहकारी